लेन्सचं सोल्यूशन बदललं आणि डोळे चुरचुरायला लागले: सोल्यूशन आणि ड्रॉप्स कसे निवडावेत?

निळीशाई
नमस्कार मंडळी. मी घोडबंदर रोडला राहते, नोकरी ऐरोलीत. सकाळी साडेसातला घर सोडते, ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल, मग दिवसभर एसीत कॉम्प्युटरसमोर, आणि घरी पोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ. म्हणजे लेन्स रोज तेरा तास डोळ्यांत. दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस साडेचार, मंथली लेन्स, सहा वर्षं वापरतेय. आजवर तक्रार नव्हती.

दीड महिन्यापूर्वी नेहमीचं सोल्यूशन संपलं. स्टेशनजवळच्या दुकानात ते नव्हतं. दुकानदार म्हणाला, "हे न्या मॅडम, सगळी सारखीच असतात." मी नेलं. तेव्हापासून सकाळी लेन्स घातल्यावर पहिले एक-दोन तास डोळे लालसर राहतात, मधे जरा बरं वाटतं आणि दुपारी चारनंतर चुरचुर सुरू. केमिस्टकडून डोळे कोरडे पडतात त्यावरचे ड्रॉप्स आणले. लेन्स डोळ्यांत असतानाच घालते. दोन मिनिटं गार वाटतं, मग परत तेच.

नेहमीच्या सोल्यूशनवर परत जाऊ की आणखी चांगलं काही आहे? आणि लेन्सवरून घालायचे ड्रॉप्स वेगळे असतात का? चष्मा लावून दिवसभर काम करायला मला खरंच जड जातं, म्हणून कळकळीने विचारतेय.

पारसिक
आधी एक सांग. दुखतंय का? उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं, एकच डोळा जास्त लाल आहे, यातलं काही असेल तर इथे उत्तरांची वाट बघू नकोस. लेन्स काढ आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नुसती चुरचुर असेल तरी दाखवून घेच, पण मग निदान धावपळ नाही.

दुसरं, लेन्सच्या खोक्यावर काय लिहिलंय आणि सोल्यूशनच्या बाटलीवर बारीक अक्षरांत घटक कोणते आहेत, ते टाक. नुसतं "दुसरं सोल्यूशन" म्हटल्यावर कुणी काय सांगणार?

घणसोली_सेक्टर९
एसीचा झोत थेट तोंडावर येतो का? मी महापेला कामाला होतो तेव्हा माझी जागा बरोबर जाळीखाली होती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. जागा बदलून घेतली आणि अर्धा त्रास गेला. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या फार कमी मिटतो हेही आहेच.

गुलाबपाण्याचे थेंब घालून बघा, आमच्याकडे आजी घालायची, थंड वाटतं.

दृष्टीपट
घणसोलीकर, एसीचं अगदी बरोबर सांगितलंत. गुलाबपाणी मात्र लेन्स वापरणाऱ्याने डोळ्यांच्या जवळही नेऊ नये. बाजारातलं गुलाबपाणी डोळ्यांसाठी निर्जंतुक करून भरलेलं नसतं आणि त्यातला सुवासही लेन्समध्ये मुरतो. आजीच्या डोळ्यांत लेन्स नव्हती.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, नौपाड्यात लेन्स बसवण्याचं काम करते. डोळा न बघता निदान सांगणार नाही, पण बाटली कशी निवडायची हे सांगते. ही गोष्ट लोक दुकानदारावर सोडून देतात याचं मला रोज वाईट वाटतं.

मुळात ही लेन्स काय चीज आहे ते बघा. मऊ लेन्स आणली झेक रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टर्ले यांनी. १९६१ च्या नाताळात त्यांनी मुलांच्या जोडाजोडीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून घरीच यंत्र उभं केलं आणि त्यावर लेन्स ओतल्या. त्यांचं ते प्लास्टिक पाणी पितं, म्हणून मऊ राहतं. त्या पहिल्या जातीच्या लेन्समध्ये साधारण ३८ टक्के पाणीच असतं. आता जी वस्तू पाणी पिते ती पाण्यात विरघळलेलं औषधही पिते. रात्रभर सोल्यूशनमध्ये बुडालेली लेन्स त्याचा अंश घेऊन सकाळी डोळ्यात जाते आणि पुढचे काही तास तो सोडत राहते. निळीशाई, तुम्ही "पहिले एक-दोन तास लालसर" लिहिलंत तिथे मी थांबले ते यामुळेच.

नेहमीची जी मल्टिपर्पज सोल्यूशन असतात, धुवायला, भिजवायला, ठेवायला एकच बाटली, त्यात जंतू मारणारं औषध बहुतेक दोनांपैकी एक असतं. एक पॉलीक्वाटर्नियम-१, दुसरं पीएचएमबी म्हणजे पॉलीहेक्झानाइड, आणि काहींत दोन्ही. ऑप्टी-फ्री प्युअरमॉइस्टमध्ये पॉलीक्वाटर्नियमबरोबर अल्डॉक्स नावाचं आणखी एक औषध असतं. बायोट्रूमध्ये ओलाव्यासाठी हायल्युरोनान घातलेलं असतं, जे आपल्या अश्रूंतही असतं. यातलं कुठलंही सोल्यूशन मुळात वाईट नाही. प्रश्न जोडीचा असतो. काही सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स (मऊ लेन्सची हल्लीची जात) आणि काही पीएचएमबीवाली सोल्यूशन यांचं जुळत नाही, कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, बारीक बारीक ठिपके उठतात. तीच बाटली शेजारणीच्या लेन्सला मस्त चालते. म्हणून "सगळी सारखीच असतात" हे वाक्य खोटं आहे.

ड्रॉप्सचं आणखी सोपं आहे. बाटलीवर "लेन्स घातलेली असताना वापरता येतात" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नसेल तर लेन्स काढून घालायचे. कोरड्या डोळ्यांच्या पुष्कळ ड्रॉप्समध्ये टिकाऊपणासाठी, म्हणजे परिरक्षक म्हणून, बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. मऊ लेन्स ते शोषून धरते आणि दिवसभर डोळ्याला लावून ठेवते. असे थेंब घातल्यावर किमान १५ मिनिटं थांबून मगच लेन्स घालावी. रोज चार-पाच वेळा लागत असतील तर परिरक्षक नसलेले, एका वेळेला एक फोडायचे, असे छोटे प्लास्टिकचे पॅक मिळतात ते घ्या. लाली घालवणारे ड्रॉप्स तर नकोतच. ते रक्तवाहिन्या आकसवून डोळा पांढरा दाखवतात, आणि रोज वापरले की उतार पडल्यावर लाली दुप्पट येते. शिवाय खरा आजार झाकला जातो तो वेगळाच.

निळीशाई
दृष्टीपटताई, तुमचं वाचून लगेच उठले आणि तीनही वस्तू टेबलावर मांडल्या.

लेन्स: सिलिकॉन हायड्रोजेल. नवीन सोल्यूशन: घटकांत पॉलीहेक्झानाइड. ड्रॉप्स: कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के, आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड. मोबाईलवर फोटो काढून मोठा केला तेव्हा वाचता आलं.

म्हणजे रात्री एक औषध लेन्सला पाजत होते आणि दिवसा दुसरं. सहा वर्षांत एकदाही बाटलीची मागची बाजू वाचली नव्हती.

आणि अजून एक. डबीत कालचं सोल्यूशन असतं ना, ते मी फेकत नाही. त्यावर थोडं नवीन घालते. एका बाटलीत अडीच महिने जातात अशाने. हे चुकतंय का?

पारसिक
फार चुकतंय! लगेच थांबव. आणि डबी किती जुनी आहे?

निळीशाई
मागे एकदा लेन्सबरोबर मिळाली होती तीच. दोन वर्षं तरी झाली असतील.

दृष्टीपट
त्या डबीच्या आत, तळाच्या कडेला, स्वच्छ बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागेल. तो जंतूंचा थर आहे. जंतू एकमेकांना चिकटून स्वतःभोवती चिकट आवरण करतात आणि त्याखाली सोल्यूशन पोचतच नाही. कालचं सोल्यूशन रात्रभर काम करून दमलेलं असतं. त्यात नवीन मिसळलं की नवीनही पातळ होतं. रोज सगळं ओतून द्यायचं, डबी ताज्या सोल्यूशनने धुवायची, स्वच्छ टिश्यूने आतून पुसायची आणि झाकणं काढून उपडी ठेवायची, पण बाथरूममध्ये नको, तिथली हवा दमट असते. दर तीन महिन्यांनी नवीन डबी. ही डबी आजच फेका. उकळून वाचवू नका.

आणि लेन्स चोळता का? "नो रब" वाचून लोक नुसती बुडवतात. हात साध्या साबणाने धुऊन, धागे न सुटणाऱ्या कापडाला पुसून, लेन्स तळहाताच्या खोलगट भागात ठेवायची. तीन-चार थेंब घालून करंगळीशेजारच्या बोटाच्या गादीने मधून कडेकडे चोळायची, नख लागू द्यायचं नाही. मग उलटी करून दुसरी बाजू. मग धार सोडून धुवायची. सिलिकॉन हायड्रोजेलवर अश्रूंतली चरबी जास्त बसते, ती नुसतं भिजवून निघत नाही. चोळताना सुरुवातीला बोट किंचित अडखळतं आणि शेवटी लेन्स बोटाखाली सुळकन सरकते. तो फरक बोटाला कळायला लागला की बरोबर जमलं.

यामागे इतिहास आहे. २००६ मध्ये बॉश अँड लॉम्बचं रेन्यू विथ मॉइश्चरलॉक हे सोल्यूशन फ्युझेरियम बुरशीच्या संसर्गांमुळे जगभरातून मागे घेतलं गेलं. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, एएमओ कंपनीचं कम्प्लीट मॉइश्चरप्लस मागे घेतलं, ते अकांथामीबा या पाण्यातल्या अमीबामुळे. (आज रेन्यू नावाने मिळतं ते वेगळं सोल्यूशन आहे, घाबरू नका.) त्यानंतर चोळून धुण्यावर पुन्हा भर आला. बाटली कितीही भारी असो, बोटाचं काम बोटानेच करायचं.

ऐरोली_नाका
सोल्यूशनची ॲलर्जी वाटत असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडवालं बघा. मी तीन वर्षं तेच वापरतोय. मला मल्टिपर्पजने खाज यायची, ती पूर्ण गेली.

पण पहिल्याच आठवड्यात काय झालं ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं होणार नाही. मला सवय जुन्या सोल्यूशनची. सकाळी डबीतून लेन्स काढली, बोटावर घेतली आणि घालायच्या आधी सवयीने बाटलीतून एक धार मारली. ती धार ३ टक्के पेरॉक्साइडची होती. लेन्स डोळ्याला लागताक्षणी कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं झालं. पापणी आपोआप घट्ट मिटली, उघडेना, आणि लेन्स आत. बायकोने जबरदस्तीने पापणी धरली तेव्हा कशीबशी निघाली. मग डोळा धुतला, डॉक्टरांकडे गेलो. दोन दिवसांत बरा झाला, पण ती पाच मिनिटं मी विसरलेलो नाही.

बाटलीचं टोक आणि टोपण लाल असतं ते उगाच नाही. लाल म्हणजे थेट डोळ्यात नाही. त्याची डबी उभी असते, तळाशी प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती. बुडबुडे येत येत पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायू होतो. माझ्या सोल्यूशनला पूर्ण सहा तास लागतात. रात्री दोनला भिजवली आणि सकाळी सहाला घातली, असं चालत नाही. साध्या चपट्या डबीत तर अजिबात नाही, तिथे चकतीच नसते. नवीन बाटलीबरोबर नवीन डबी येते, जुनी फेकायची, कारण चकतीचा जोर उतरतो.

दृष्टीपट
ऐरोलीकर, हे सविस्तर लिहिलंत म्हणून फार आभार. दोन गोष्टी जोडते. जखमेवर लावायचं पेरॉक्साइड केमिस्टकडे मिळतं, ते लेन्सला वापरायचं नाही. आणि सहा तासांनंतर त्या डबीत जे उरतं ते जवळपास साधं सलाइन असतं, जंतू मारणारं काहीच शिल्लक नसतं. ॲलर्जीवाल्यांना ते याचमुळे सोसतं. पण लेन्स त्यात पंधरा दिवस पडून राहिली तर घालण्याआधी नव्याने भिजवावी लागते. लग्नकार्याला तेवढी लेन्स घालणाऱ्याने डेली डिस्पोजेबल, म्हणजे एकदा घालून फेकायची, घ्यावी, सोल्यूशनचा प्रश्नच मिटतो.

सीवूड्सची_आई
मी इथे सहसा लिहीत नाही, नुसती वाचते. आज राहवलं नाही.

माझी मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. रविवारी रात्री तिचं सोल्यूशन संपलं. दुकानं बंद. तिने फिल्टरचं पाणी डबीत घातलं आणि लेन्स त्यात ठेवल्या. आम्हाला वाटलं, पिण्याचं पाणी आहे, काय होणार? नंतर कळलं की असं ती अधूनमधून करायचीच. काही दिवसांनी डावा डोळा लाल झाला, मग इतका दुखायला लागला की रात्रभर बसून काढायची. खोलीचे पडदे लावून, डोक्यावर ओढणी घेऊन. आधी दुसराच संसर्ग समजून औषध चाललं, त्यात तीन आठवडे गेले. मग कॉर्नियाचा नमुना घेतला आणि अकांथामीबा निघाला.

सुरुवातीला दर तासाला थेंब घालायचे, रात्रीसुद्धा. मी आणि हे आळीपाळीने गजर लावून उठायचो. उपचार सात महिने चालले. डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरट डाग राहिला आहे आणि त्या डोळ्याने तिला अंधुक दिसतं.

आमच्याकडे येणारं मोरबे धरणाचं पाणी चांगलं आहे, आमच्या सोसायटीची टाकीही नियमित धुतात. तरी नळाचं, फिल्टरचं, उकळून गार केलेलं, बाटलीतलं, कुठलंच पाणी लेन्सला लावू नका. आंघोळीला जाताना लेन्स काढा. पोहायला जाताना काढा. सोल्यूशन नसेल तर लेन्स फेकून द्या आणि चष्मा लावा. घरात एक बाटली नेहमी जास्तीची ठेवा.

पारसिक
काकू, हे लिहायला किती जड गेलं असेल. मी चौदा वर्षं लेन्स लावून आंघोळ करत आलोय. आजपासून बंद.

दृष्टीपट
काकू, मनापासून आभार. पाण्यातला हा अमीबा अडचण आली की जाड कवच करून बसतो आणि पाणीपुरवठ्यातलं क्लोरिन त्याला मारू शकत नाही. म्हणून पाणी "चांगलं" असण्याचा इथे उपयोग नाही.

वर मी पीएचएमबीबद्दल लिहिलं त्यावरून ते औषध वाईट असा समज नको. या अमीबावर जे थेंब देतात त्यात ०.०२ टक्के पीएचएमबीच वापरतात. लेन्सच्या सोल्यूशनमध्ये ते त्याच्या कितीतरी पट कमी, ०.०००१ टक्क्याच्या आसपास असतं.

उपवन_सकाळ
माझ्या भाच्याला केराटोकोनस आहे (कॉर्निया शंकूसारखा पुढे येतो तो आजार), त्याच्या लेन्स कडक आहेत. त्याला ऑप्टी-फ्री चालेल का?

दृष्टीपट
कडक, म्हणजे आरजीपी लेन्सला तिचंच सोल्यूशन लागतं. मऊ लेन्सचं आपल्या मनाने देऊ नका. ज्यांनी लेन्स बसवली त्यांनी लिहून दिलेलंच घ्या.

निळीशाई
तीन आठवड्यांनी परत आलेय.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पापणीच्या आत केशरी कागदाची पट्टी टेकवली आणि निळ्या उजेडात बघितलं. मला मोबाईलवर फोटो दाखवला: कॉर्नियाच्या कडेने हिरवे टिंब टिंब, रांगोळीचे ठिपके असावेत तसे, दोन्ही डोळ्यांत सारखे. संसर्ग नाही म्हणाल्या, सोल्यूशनचं जुळत नाहीये. आठ दिवस लेन्स बंद, परिरक्षक नसलेले ड्रॉप्स, मग नवीन लेन्स, नवीन डबी आणि जुनं पॉलीक्वाटर्नियमवालं सोल्यूशन. आठ दिवस चष्मा लावून लोकलने गेले. पहिले दोन दिवस डोकं दुखलं, नंतर सवय झाली.

आता सकाळची लाली पूर्ण गेली. चारनंतरची चुरचुर मात्र पूर्ण गेलेली नाही, निम्मी आहे. डॉक्टर म्हणाल्या ती तेरा तासांची आहे, सोल्यूशनची नाही. म्हणून आता जाता-येता चष्मा लावते, लेन्स ऑफिसात पोचल्यावर हात धुऊन घालते आणि निघताना काढते. तेरा तासांचे नऊ झाले. घोडबंदरची धूळही डोळ्यांत जायची थांबली, मेट्रोच्या कामापासून ती किती असते ते इकडच्यांना माहीत आहे. ड्रॉप्स दुपारी जेवणानंतर एकदा आणि पाचला एकदा. पर्समध्ये पाच पॅक असतात. एक फोडला की उरलेला टाकून देते, झाकण नसतं त्याला.

नवीन बाटली आणताना दुकानात पुन्हा दुसरी पुढे केली. मी म्हटलं, नको, हीच हवी, मागवून द्या. दोन दिवसांनी आली. यावेळी दोन घेतल्या.

घणसोली_सेक्टर९
छान झालं. एक राहून गेलेलं विचारतो. मंथली लेन्स म्हणजे तीस वेळा घालायची ना? मी आठवड्यातून तीनदाच घालतो, म्हणून दोन-अडीच महिने चालवतो.

दृष्टीपट
नाही हो. पाकीट उघडल्यापासून महिना, घातली असो वा नसो. सोल्यूशनची बाटलीही तशीच, उघडल्यानंतर किती दिवस चालते ते वेष्टनावर असतं, बऱ्याच बाटल्यांवर ९० दिवस. तळाला छापलेली तारीख ही न उघडलेल्या बाटलीची.

निळीशाई
मी मार्करने लिहून ठेवते. बाटलीवर उघडल्याची तारीख, लेन्सच्या खोक्यावर उघडल्याची तारीख, आणि डबीच्या झाकणावर महिना. घणसोलीकर, तुमच्या लेन्स आज रात्रीच काढून टाका, आणि डबीतही एकदा बोट फिरवून बघा.